हाताला काम देणे हेही हरिपूजनच

॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥

(केंदूर येथे श्रीसंत कान्होराज महाराज पाठक यांच्या समाधीसमोर एकादशीस झालेल्या प्रवचनाचा सारांश)



आपण ज्या भूमीवर बसलो आहोत ती साधी भूमी नव्हे. कान्होराज महाराजांची समाधी येथे आहे. पाबळ-केंदूरचा हा पट्टा कोरडवाहू, पावसाची वाट पाहणारा. पीक एखाद्या साली बुडाले असेल, पण नामाचे पीक येथे कधी बुडाले नाही. अशा ठिकाणी बोलावयास बसायचे म्हणजे आधी स्वतःची झडती द्यावी लागते. म्हणून आज मी आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतो. ती ऐकून घ्या, मग निरूपणाकडे वळू.

काही वर्षांमागची गोष्ट. माउलींच्या पालखीचा मुक्काम सासवडला होता. दिवेघाट चढून आलेली माणसे दमलेली. आदल्या रात्री वारा झाला होता आणि आमच्या दिंडीच्या दोन राहुट्या फाटल्या होत्या. मी बाहेर बसून हरिपाठ म्हणत होतो. इतक्यात एक मनुष्य जवळ आला. अंगावर धुतलेले पण विटलेले धोतर, गळ्यात तुळशीची माळ, हाताची बोटे आखडलेली. पाहताच कळले की याला कुष्ठरोग होऊन गेला आहे. तो म्हणाला, "महाराज, राहुटीला टाके घालून देऊ का? सुईदोरा माझ्यापाशी आहे." मी काय केले असेल? मी खिशात हात घातला, पैसे काढले आणि जरा लांबूनच त्याच्या पुढे केले. त्याने ते घेतले, माझ्याकडे पाहिले, वीणेच्या पुढ्यात नेऊन ठेवले, वीणेला हात न लावता नमस्कार केला आणि निघून गेला. राहुटी फाटकीच राहिली. रात्री तिच्यातून पाऊस गळला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याने काम मागितले होते, मी भीक दिली. बोटे त्याची आखडली होती खरी, पण त्या दिवशी हात आखडला तो माझा.

पुढच्या वर्षी मी त्याला सासवडला शोधले. तो भेटला नाही. आजवर भेटलेला नाही.

श्रोते हो, आजचा विषय हाच. जो समाजाबाहेर पडला, रोगाने पडला, अपराधाने पडला, वैधव्याने पडला, दारिद्र्याने पडला, त्याला परत आत कसे घ्यावयाचे? आपण म्हणाल, अन्नदान करावे. करावेच. भुकेल्याला आधी भाकरी. परंतु भाकरी दिल्यानंतर उद्या काय? परवा काय? त्याच्या हाताला काही करावयास मिळेल की तो हात जन्मभर पसरलेलाच राहील?

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्या संप्रदायाला कोणी शिकवायला नको. आपली माउलीच वाळीत पडलेली होती! विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रम पत्करला, आणि त्यांच्या चार लेकरांना जगाने "संन्याशाची पोरे" म्हणून दूर केले. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तरी लेकरांची सुटका झाली नाही. शुद्धिपत्रासाठी आळंदीहून पैठणापर्यंत जावे लागले. आणि ती मांड्यांची कथा आठवा. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताई खापर आणावयास कुंभाराकडे गेली. विसोबा चाट्याने गावातल्या कुंभारांना बजावून ठेवले होते की या पोरांना भांडे द्यावयाचे नाही. मुक्ताई रडत परत आली, मग ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त केला आणि मुक्ताईने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले.

ही कथा आपण चमत्कार म्हणून ऐकतो. पण जरा थांबून पाहा. विसोबाने काय अडवले? खापर. म्हणजे रांधण्याचे साधन. पोटाला तुकडा कोणीतरी टाकला असता, पण स्वतःच्या हाताने करून खाण्याचे साधन मिळू द्यायचे नाही, हा बहिष्काराचा गाभा आहे. तोंड बंद केले तर मनुष्य एक दिवस उपाशी राहतो, हात बंद केले तर तो जन्माचा परावलंबी होतो. आणि त्याच वाळीत पडलेल्या लेकराने पुढे नेवाशास बसून शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, गीतेवरची टीका सांगितली. ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा मिळाले. आपण आज तिला आई म्हणतो. त्या वेळी नेवाशानेही दार लावून घेतले असते तर आपण कोणाच्या कुशीत निजलो असतो?

आणि विसोबाचे काय झाले? परंपरा सांगते की तो शरण आला, विसोबा खेचर झाला, नामदेवरायांचा गुरू झाला. वाळीत टाकणाराही परत येऊ शकतो, बरं का! हे मी माझ्यासारख्यांच्या धीरासाठी सांगतो.

आता सिद्धान्ताकडे येऊ. ज्ञानोबारायांनी अठराव्या अध्यायात सांगितले आहे की त्या सर्वात्मक ईश्वराची पूजा आपल्या वाट्याला आलेल्या कर्माच्या फुलांनी करावी, त्यातच तो संतोष पावतो. आपल्या संतांची चरित्रे या एका बोधावर उभी आहेत. अरणचे सावतोबा मळ्यात पाणी देत राहिले, तेरचे गोरोबा चिखल तुडवीत राहिले, नरहरी सोनार दागिने घडवीत, सेना न्हावी आपले काम करीत, जनाबाई जात्याशी बसलेली. आणि चोखोबा? त्यांना तर देवळाच्या आत पाऊल ठेवण्याची मनाई. पण काम त्यांचेही सुटले नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले, ते साल १३३८. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी नामाच्या खुणेने ओळखून आणल्या आणि पंढरीच्या महाद्वारापाशी समाधी दिली, असे आपण सांगतो. मजुरी करता करता देह ठेवलेल्या संताच्या समाधीला आधी नमस्कार आणि मग पांडुरंगाला, असा आपला क्रम आहे.

आता माझे म्हणणे नीट ध्यानात घ्या. काम ही जर पूजा असेल, कर्म हीच जर फुले असतील, तर ज्याला आपण काम नाकारतो त्याच्या हातातली फुले आपण काढून घेतो. त्याला पूजेला बंदी करतो. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले आणि पांडुरंगाचे दार सर्वांना उघडले. ते दगडाचे दार होते, उघडले. हे दुसरे दार तुमच्या-माझ्या शेताच्या बांधावर, दुकानाच्या उंबऱ्यावर, दिंडीच्या राहुटीपाशी आहे. ते अजून पुरते उघडलेले नाही.

यावर काही जण म्हणतील, "महाराज, हे त्याचे प्रारब्ध. मागल्या जन्मीचे भोग. आपण कोण मध्ये पडणार?" ठीक आहे. तुमच्या घराला आग लागली आणि शेजारी म्हणाला की हे तुमचे प्रारब्ध, तर चालेल का? प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखाला धीर देण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवण्यासाठी नाही. शिवाय त्याला रोग होणे हे त्याचे प्रारब्ध असेल, तर तो नेमका तुमच्या दारी येणे हे तुमचे प्रारब्ध नाही काय? देवाने परीक्षेला पाठवलेला विद्यार्थी तो नव्हे, परीक्षा आपली चालू आहे.

कुष्ठरोगाविषयी तर अज्ञान फारच. ज्याला पूर्वी महारोग म्हणत, तो पाप नव्हे, शाप नव्हे, वंशातूनही उतरत नाही. तो एका जंतूपासून होतो आणि तो जंतू नॉर्वे देशातल्या हॅन्सन नावाच्या वैद्याने १८७३ साली शोधून काढला. बहुतेक माणसांच्या अंगी त्याला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. १९८२ पासून दोनतीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली, सहा महिने किंवा वर्षभर ती घेतली की रोग बरा होतो. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. मग बोटे वाकडी का राहतात? तर रोगाने मज्जा बधिर होतात, चटका कळत नाही, काटा कळत नाही, जखमा होतात, बोटे आखडतात. ती जुन्या जखमेची खूण आहे. रोग गेला, खूण राहिली. सासवडला मी खुणेला भ्यालो. कायद्यालाही शहाणपण यायला वेळ लागला: कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवण्याचा १८९८ सालचा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली काढून टाकले. कायदा बदलला. मन बदलण्याचे काम कायदेमंडळाचे नव्हे, ते कीर्तनकाराचे आणि श्रोत्यांचे.

आता दृष्टान्त सांगतो. पुराणातले नव्हे, आपल्या महाराष्ट्रातले.

चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा गाव आहे. तेथे मुरलीधर देवीदास आमटे नावाचे वकील होते. १९१४ सालचा जन्म, घरची जमीनदारी, अंगात धाडस. एका पावसाळी रात्री त्यांना गटारापाशी पडलेला एक कुष्ठरोगी दिसला, तुळशीराम नावाचा. हातापायांची बोटे झडलेली, अंगाला किडे. हा धाडसी मनुष्य घाबरून पळाला! पण घरी त्याला झोप येईना. आपण कशाला भ्यालो, हा प्रश्न छातीवर बसला. तो परत गेला, त्या जिवाला निवारा केला, भरवले. पुढे कलकत्त्यास जाऊन त्या रोगाचे शिक्षण घेतले. १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली आणि १९५१ साली वरोऱ्याबाहेर दगडधोंड्यांच्या, सापविंचवांच्या रानात आनंदवन वसवले. भांडवल किती? सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. शुभारंभाला विनोबा आले होते. सोबत साधनाताई होत्या, त्यांच्यावाचून यातले काहीच झाले नसते.

आता मर्म पाहा. बाबांनी त्या सहा जणांना बसवून खाऊ घातले नाही. विहीर खणायला घेतली. बोटे नसलेल्या हातांना कुदळ बांधून खणली म्हणा ना. पाणी लागले, भाजी झाली, धान्य झाले, दूध झाले. स्वतःला पुरून उरले. उरलेले घेऊन बाजाराकडे निघाले, तर वरोऱ्याचे लोक घ्यायला बिचकले. महारोग्याच्या हातची भाजी कोण खाणार? येथे बाबांची खरी परीक्षा होती. रोग बरा करणे सोपे, गिऱ्हाईक बरे करणे अवघड! पुढे परदेशातून तरुण स्वयंसेवक आले, त्यांच्या पंक्तीला जेवले, बांधकामाला हात लावला. ते पाहून गावाची भीती हळूहळू ओसरली. भाजी विकली गेली. ज्या दिवशी गावाने पैसे मोजून ती भाजी घेतली, त्या दिवशी ते सहा जण समाजात परत आले. दान मिळाले त्या दिवशी नव्हे.

पुढे आनंदवनात हातमाग आले, सुतारकी आली, पत्र्याचे डबे आले, छापखाना आला. पायाने अधू असलेल्यांसाठी धंदेशिक्षणाची संधिनिकेतन नावाची शाळा निघाली, अंधांची शाळा निघाली. आणि मग तेथे महाविद्यालय उभे राहिले. कोणासाठी? ज्या गावाने दूर लोटले त्या गावाच्या पोरांसाठी! ज्यांना बाहेर काढले त्यांनीच बाहेर काढणाऱ्यांच्या लेकरांना विद्येचे दान दिले. नेवाशाची पुनरावृत्तीच ही. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा गेले. त्यांचे म्हणणे साधे होते: नुसते दान मनुष्याला दुबळे करते, श्रम त्याला उभे करतो.

दुसरा दृष्टान्त अगदी जवळचा. तुकोबारायांच्या पालखीबरोबर जाणारे येथे असतील. यवतहून वरवंडला जाताना चौफुला लागतो. तेथून डाव्या हाताला केडगाव. आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यातले. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. हे नाव घेतल्यावर काहींच्या कपाळाला आठी पडेल, मला ठाऊक आहे. बाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म घेतला. ते आपल्याला रुचणारे नाही, आणि मी तुम्हांस त्या वाटेने जा म्हणून सांगत नाही. पण ही बाई मूळची कोण, हे ऐका. अनंतशास्त्री डोंग्यांची ही मुलगी. बाप पौराणिक. सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी फिरत पुराण सांगून पोट भरी. दुष्काळात आईबाप अन्नावाचून गेले. मुलगी आणि भाऊ भागवत सांगत देशभर हिंडली. संस्कृत अशी शिकलेली की कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली तिला सरस्वती म्हटले. ती आपल्याच घरची होती हो! पुराणिकाची पोर. पुढे विधवा झाली, आणि विधवांची दशा पाहून जळू लागली. तिला आपण का धरून ठेवू शकलो नाही, हा प्रश्न तिला विचारण्याआधी आपण स्वतःला विचारावा.

१८८९ साली मुंबईस तिने शारदासदन काढले, मग ते पुण्यास आणले. १८९६-९७ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा ती मध्यप्रांतात गेली आणि रस्त्यावर पडलेल्या बायकामुली केडगावास घेऊन आली. कोणी विधवा, कोणी टाकलेल्या, कोणाला फसवलेले. तेथे त्यांना जपमाळ देऊन बसवले नाही. शेती होती, गोठा होता, तेलाचा घाणा होता, माग होता, शिवण होते, छापखाना होता. अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकवले आणि हातकाम दिले. एका काळी ज्यांचे तोंड पाहणे अशुभ मानत, त्या बायका खिळे जुळवून पुस्तके छापू लागल्या. धर्म वेगळा असेल. पण भुकेल्याला पाणी पाजणाऱ्याची विहीर कोणाची, हे तहानलेला विचारीत नाही. शत्रूकडूनही गुण घ्यावा असे शास्त्र सांगते; ही तर आपली परकी झालेली लेक.

त्याच काळात, १८९६ साली, अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला. म्हणजे आपल्या घरातही जागे झालेले लोक होते. थोडे होते, एवढेच.

तिसरा दृष्टान्त अपराध्यांचा. रोग्याची दया येते, विधवेची येते, पण चोराची, खुन्याची? औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांच्या राज्यात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची वसाहत झाली. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्यांनी बायकामुलांसह राहावे, जमीन कसावी, पिकवावे, खावे, विकावे. ही कल्पना मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या एका गृहस्थांची. लोक म्हणाले, पळून जातील. पण ज्याच्या हातात नांगर आणि ओंजळीत स्वतःचे धान्य, तो पळून कोठे जाईल? यावरूनच पुढे १९५७ साली शांतारामबापूंनी "दो आँखें बारह हाथ" हा बोलपट काढला, तो तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. आपल्या पुण्यास येरवड्याच्या तुरुंगातही कैदी माग चालवतात, लाकूडकाम करतात, बेकरीचा माल करतात आणि तो माल लोकांस विकत मिळतो.

ज्ञानोबारायांनी पसायदानात पहिले मागणे काय मागितले? दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातले वाकडेपण जावे आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, हे मागितले. आता तुम्हीच सांगा, सत्कर्माची गोडी लागावी म्हणून रोज रात्री हात जोडावयाचे आणि तुरुंगातून सुटून आलेला मनुष्य सकाळी कामाला विचारावयास आला की दार लावून घ्यावयाचे, याला काय म्हणावे? कर्मच मिळाले नाही तर सत्कर्म कोठून येणार? शिक्षा न्यायाधीशाने सांगितली तेवढी तो भोगून आला. पुढली शिक्षा सांगण्याचा अधिकार गावाला कोणी दिला?

ह्या तीन ठिकाणांतून मी चार गोष्टी शिकलो. त्या सांगून आवरतो.

पहिली गोष्ट, माल चांगला हवा. कीव म्हणून घेतलेली सतरंजी घरात अंथरली जात नाही, माळ्यावर पडते. आणि करणाऱ्याला ते कळते. म्हणून अशा संस्थेचा माल घेताना दोन पैसे रास्त द्या, पण तपासून घ्या. वीण सैल असेल तर सांगा. ज्याचे आपण दोष काढतो त्याला आपण कारागीर मानतो. ज्याची नुसती कीव करतो त्याला भिकारी मानतो.

दुसरी, मजुरी पुरी द्यावी. "याला दुसरीकडे कोण ठेवणार?" असे म्हणून अर्ध्या मजुरीत राबवून घेणे आणि वर धर्म केला म्हणून मिरवणे, हे विसोबाने खापर अडवण्यापेक्षाही वाईट. तो निदान उघड अडवीत होता.

तिसरी, शिकवणारा हवा. आपल्या पाबळास १९८३ साली डॉक्टर कलबाग येऊन राहिले. परदेशातून मोठी पदवी घेतलेला मनुष्य, मुंबईची मोठी नोकरी सोडून या कोरड्या माळावर आला आणि विज्ञान आश्रम काढला. शाळेने ज्यांना नापास म्हणून बाहेर टाकले ती पोरे त्यांनी घेतली. लोखंडकाम, बांधकाम, शेती, वीज, पाण्याची परीक्षा, हे सगळे हाताने करीत शिकायचे. गावाचे खरे काम करायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा. नापास झालेला पोरगा आपल्या हातचे जोडकाम उभे राहिलेले पाहतो तेव्हा त्याच्या तोंडावर जे तेज येते, ते पाबळला जाऊन पाहावे. २००३ साली ते गेले, काम चालू आहे. नापासाचा शिक्का हीसुद्धा एक लहानशी वाळीच आहे, हे आईबापांनी ध्यानात घ्यावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती कठीण आहे. आश्रम हे माहेर आहे, सासर नव्हे. लेक बाळंतपणाला माहेरी येते, अंगात बळ येते, मग ती आपल्या घरी जाते. कायम माहेरी राहिली तर लोक विचारतात, काय झाले? तसेच हे. आनंदवन थोर, केडगाव थोर. पण आपण "त्यांच्यासाठी संस्था आहेत" म्हणून वर्गणी पाठवून मोकळे झालो, तर आपण गावकुसाबाहेर आणखी एक वस्ती केली, इतकेच. ती छान असेल, स्वच्छ असेल, तरी बाहेरचीच. बाबांनी, रमाबाईंनी, पंतांनी माणसे उभी करून दिली. त्यांना घरी आणण्याचे काम त्यांचे नव्हते. ते आपले आहे. त्याचे गाव त्याला जोवर "ये, उद्या खुरपणीला ये" म्हणत नाही, तोवर तो परत आलेला नाही.

मग वारकऱ्याने करावे काय? डोंगर उचलायला मी सांगत नाही. आपली दिंडी निघते तेव्हा किती कामे असतात मोजा. राहुट्या शिवायच्या, पताका शिवायच्या, पखवाजाच्या वाद्या ओढायच्या, टाळांना दोऱ्या घालायच्या, तुळशीवृंदावन रंगवायचे, सामान ट्रकमध्ये भरायचे, भाकऱ्या भाजायच्या, पंगतीला वाढायचे. यातले एक काम, फक्त एक, अशा माणसाला द्या जो बाहेर पडलेला आहे. पुरी मजुरी देऊन द्या. आणि दिवस मावळला की त्याला पंगतीत बसवा, वेगळ्या पानावर नव्हे, ओळीत. दुसरे, दिंडीला लागणाऱ्या सतरंज्या, पिशव्या, कापड घ्यायचेच असते, तर ते अशा ठिकाणाहून घ्या. तिसरे, अन्नदानाला जो निधी जमतो त्यातला दहावा हिस्सा एखाद्याला शिवणयंत्र, हातगाडी, शेळी, हत्यारांची पेटी घेऊन देण्यास काढा. तेही अन्नदानच आहे. एका दिवसाचे नव्हे, रोजचे.

काही माता म्हणतील, "महाराज, आमच्या हातात व्यवहार नाही." माय, भाकरी तर तुमच्या हातात आहे ना? टाकलेली सून, एकटी पडलेली बाई शेजारी असेल तर तिला "भाकऱ्या करायला ये" म्हणा, आणि तिने केलेली भाकरी आधी तुम्ही मोडून खा. तुम्ही खाल्ली की घर खाईल, घराने खाल्ली की आळी खाईल. वरोऱ्याची भाजी अशीच विकली गेली.

आणि चुकले तर? ज्याला काम दिले त्याने एखादे वेळी फसवले तर? फसवील एखादा. आपली सख्खी माणसे काय कमी फसवतात? म्हणून आपण नाती सोडत नाही. डोळे उघडे ठेवावेत, हिशेब चोख ठेवावा, पण एकाने फसवले म्हणून दहांचे दार लावू नये. पांडुरंगाने आपल्याला किती वेळा सोडून दिले, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

सासवडचा तो मनुष्य मला पुन्हा भेटला नाही, हे मी आरंभी सांगितले. त्याचे ऋण माझ्या डोक्यावर आहे. वीणेपुढे ठेवलेले ते पैसे मी अजून खर्च केलेले नाहीत. यंदा त्यांत भर घालून सुईदोऱ्याचे सामान घेतले आहे. आमच्या दिंडीच्या राहुट्या शिवण्याचे काम ज्याला कोठेच काम मिळत नाही अशा मनुष्याला द्यावयाचे ठरवले आहे, आणि तो कोण ते आपल्या पंचक्रोशीतून तुम्ही मला सांगावयाचे आहे. नाव चारचौघांत सांगू नका, त्याला लाज वाटेल. प्रवचन संपल्यावर समाधीमागच्या ओट्यावर मी बसणार आहे. तेथे येऊन हळूच कानात सांगा. आणि ज्याचे नाव सांगाल तोच येथे पाठीमागे, मंडपाच्या कडेला, खांबाशी बसलेला असेल, तर मग सांगूही नका. त्याला हाताला धरून पुढे घेऊन या.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल । श्रीज्ञानदेव तुकाराम । पंढरीनाथ महाराज की जय ॥